‘लेन घ्या’ म्हणे, पण लेन आहे कुठे?

गेल्या वर्षी जूनमध्ये मी माझ्या भाचीला एक सल्ला दिला आणि तिसऱ्या आठवड्यात तिचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. सल्ला माझ्या मनाचा नव्हता. पन्नास वर्षं जगभर सायकल शिकवणाऱ्यांनी डोक्यावर घेतलेल्या एका पुस्तकातला होता. आज त्या पुस्तकाबद्दल लिहायचंय. ते वाईट आहे म्हणून नव्हे. ते बरंचसं बरोबर आहे, आणि नेमकं तिथेच आपण फसतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. भाची नागावला राहते. दहावी झाली, अलिबागला अकरावीत प्रवेश मिळाला, आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं की मी सायकलने जाणार. आठेक किलोमीटरचं अंतर. ताईचा जीव वरखाली. अलिबाग-रेवदंडा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर का ते सांगायला नको. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीचे गडगे पार डांबराला भिडलेले, मध्येच आंधळं वळण, समोरून एसटी, मागून मिनीडोर, आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग. ताई म्हणाली, "तू एवढी पीएचडी करतेस ना, मग तूच शिकव तिला."

आता पीएचडीवाल्या माणसाला काही शिकवायला सांगितलं की तो आधी काय करतो? पेपर शोधतो. मीही तेच केलं. माझा विषय भौतिकशास्त्रातला, वाहतुकीशी संबंध शून्य. पण संशोधन वाचायची सवय आहे, तेवढ्या भांडवलावर दोन आठवडे वाचत बसले. आणि जो तो पेपर शेवटी एकाच पुस्तकाशी भांडत किंवा त्याच्याकडे बोट दाखवत होता: जॉन फॉरेस्टर यांचं ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’.

पुस्तक काय म्हणतं

फॉरेस्टर जन्माने इंग्रज, पेशाने इंजिनिअर, राहायला कॅलिफोर्नियात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पालो आल्टो गावाने सायकलवाल्यांनी मुख्य रस्ता सोडून बाजूच्या पट्टीवरूनच जावं असा नियम केला. फॉरेस्टर यांना तो अपमान वाटला. सायकल हे वाहन आहे, तिचा रस्त्यावर मोटारीइतकाच हक्क आहे, हे पटवून देण्यात त्यांनी उरलेलं आयुष्य घालवलं. पुस्तक पहिल्यांदा १९७६ साली आलं, पुढे एमआयटी प्रेसने छापलं, सातवी आवृत्ती २०१२ ची. २०२० मध्ये, नव्वदाव्या वर्षी ते वारले, तोवर त्यांचं म्हणणं तसूभरही बदललं नव्हतं.

त्यांचा मुख्य सिद्धांत एका ओळीत सांगायचा तर असा: तुम्ही वाहनचालकासारखे वागलात आणि इतरांनी तुम्हाला तसं वागवलं, तर तुम्ही सर्वांत सुरक्षित असता. मग त्यातून पाच नियम निघतात. आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीला लावून सांगते. एक, रस्त्याच्या योग्य बाजूनेच जा, उलट्या दिशेने कधीही नाही. दोन, छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येताना थांबा, आधी मोठ्या रस्त्यावरच्यांना जाऊ द्या. तीन, जागा बदलण्याआधी मागे वळून बघा. चार, चौकात जिकडे वळायचंय त्यानुसार आधीच जागा घ्या: डावीकडे जायचं तर डावीकडे, उजवीकडे जायचं तर मध्याच्या जवळ, सरळ जायचं तर त्यांच्या मधे. पाच, दोन चौकांच्या मधल्या भागात वेगानुसार जागा घ्या: सावकाश जाणारे कडेला, वेगवान मध्याकडे.

आणि यातूनच पुढे त्यांच्या अनुयायांचा आवडता मंत्र आला: रस्ता अरुंद असेल तर कडेला चिकटू नका, ‘लेन घ्या’. म्हणजे लेनच्या मधोमध चाला. मागच्याला कळू द्या की इथून घुसून पुढे जाता येणार नाही. कडेला चिकटलात तर तो घुसायचा प्रयत्न करेल आणि तुम्हाला घासेल.

वाचताना मला हे फार आवडलं. कारण मी स्वतः शाळेत असताना सायकल चालवली ती कायम कुणाची तरी माफी मागत असल्यासारखी. हॉर्न वाजला की खडीत उतर. एसटी दिसली की पाय टेक. फॉरेस्टर म्हणतात, ही भीती शिकवलेली आहे आणि ती अपघात टाळत नाही, उलट घडवते. अचानक खडीत उतरणारा आणि अचानक परत डांबरावर येणारा सायकलवाला कुणालाच कळत नाही. सरळ रेषेत चालणारा सगळ्यांना कळतो. यात खोटं काही नाही. आजही मी हे मान्य करते.

बुधवार

दोन रविवार आम्ही सराव केला. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूत मागे वळून बघणं शिकवलं. मान वळली की हँडलही वळतं, ते वळू न देणं हीच खरी कसोटी. घरी येऊन सायकल गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर खारं पाणी चेन खातं, हेही शिकवलं. मग रस्त्यावर: कडेपासून हातभर आत चाल, हात दाखव, आणि वळणावर, जिथे दोन्हीकडे गडगे आहेत, तिथे मधोमध ये. लेन घे. वळण संपलं की बाजूला हो.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, कॉलेजातून येताना, एका वळणावर तिने लेन घेतली. मागून एक पर्यटकांची गाडी आली. हॉर्न. पुन्हा हॉर्न. ती पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सरळ चालत राहिली. गाडीवाल्याने तेवढ्यातच उजवीकडून काढायला घेतली, समोरून मिनीडोर आली, गाडीवाला डावीकडे आत आला. गाडीचा धक्का तिला लागलाच नाही. तिने हँडल वळवलं, चाक साइडपट्टीच्या खड्ड्यात गेलं आणि ती गडग्यावर पडली. गाडी थांबली नाही. थांबला तो मिनीडोरवाला, त्यानेच तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी ताई मला फार काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पुस्तक लिहिणाऱ्याला आपला रस्ता दाखव एकदा."

मी पुस्तक परत उघडलं. या वेळी भक्त म्हणून नाही, परीक्षक म्हणून.

टेप घेऊन बघू

ताईच्या वाक्याचं गणित करता येतं. आपल्याकडे रस्त्यांची मापं इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांवरून ठरतात. पूर्ण दुपदरी रस्ता म्हणजे ७ मीटर डांबर. त्याहून लहान, मधल्या प्रकारचा रस्ता ५.५ मीटर. आता त्यावर एका वेळी एक बस, समोरून एक मोटार आणि एक सायकल आणा. बस साधारण अडीच मीटर रुंद, मोटार १.८, सायकलचं हँडल ०.६. बेरीज ४.९ मीटर.

५.५ मीटरच्या रस्त्यावर उरले ६० सेंटिमीटर. त्यात मोकळ्या जागा चार: सायकल आणि कड, सायकल आणि बस, बस आणि मोटार, मोटार आणि पलीकडची कड. प्रत्येकीच्या वाट्याला १५ सेंटिमीटर. एक वीतसुद्धा नाही. पूर्ण दुपदरी ७ मीटर धरले तरी जेमतेम ५२ सेंटिमीटर. तुलनेसाठी सांगते: ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून लिहिलंय की सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर सोडा.

म्हणजे समोरून काही येत असताना आपल्या रस्त्यावर सायकलला सुरक्षित ओलांडणं अवघड नव्हे, भूमितीनेच अशक्य आहे. यावर फॉरेस्टर यांचे पाठीराखे म्हणतील, "मग आम्ही तेच तर सांगतोय, घुसू देऊ नका!" बरोबर. पण त्यांच्या डोळ्यांसमोरचा रस्ता कोणता? अमेरिकेत लेन १२ फुटांची, आणि शहरातल्या मोठ्या रस्त्यावर एका दिशेला अशा दोन-तीन लेन. तिथे तुम्ही एक लेन घेतलीत तर मागचा दुसरीत जातो. त्याचं नुकसान काय? इंडिकेटर लावण्याचे कष्ट. आपल्याकडे दुसरी लेन म्हणजे समोरून येणाऱ्याची जागा. इथे लेन घेणं म्हणजे मागच्याला थांबायला लावणं.

किती थांबायला? ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला अर्धा किलोमीटर जायला दोन मिनिटं लागतात. ४० ने जाणाऱ्या गाडीला ४५ सेकंद. फरक ७५ सेकंदांचा. फॉरेस्टर यांचं सगळं तत्त्वज्ञान आपल्या रस्त्यावर या ७५ सेकंदांवर उभं आहे: मागचा माणूस ते देईल का? दिले तर पुस्तक खरं. नाही दिले तर त्याची किंमत पुस्तक भरत नाही, मनगट भरतं.

आकड्यांतली एक गोम

पुस्तकाचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे अपघातांची आकडेवारी. लोक मागून येणाऱ्या गाडीला घाबरतात, पण बहुतेक धडका चौकात, वळताना, बाहेर पडताना होतात. म्हणून मागची भीती सोडा आणि चौकात नीट वागा, असं फॉरेस्टर यांचं म्हणणं. याला आधारही आहे. केनेथ क्रॉस आणि गॅरी फिशर यांनी १९७७ साली अमेरिकन सरकारसाठी सायकल आणि मोटार यांच्या धडकांचा मोठा अभ्यास केला. जखमी होण्याच्या प्रकरणांत मागून ओलांडताना झालेल्या धडका साधारण १० टक्केच निघाल्या.

पण त्याच अभ्यासात मृत्यूंचा वेगळा हिशोब आहे. मृत्यूंमध्ये याच प्रकाराचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त! म्हणजे मागची धडक क्वचित होते, पण झाली की जीव घेते. कारण उघड आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३० आणि ताशी ५० मध्ये वेगाचा फरक पावणेदोन पटीहून कमी, ऊर्जेचा मात्र पावणेतीन पट. चौकात वाहनं सावकाश असतात, सरळ रस्त्यावर नसतात.

तर जी भीती फॉरेस्टर यांनी अडाणीपणाची ठरवली, ती भीती धोका मोजताना चुकत नव्हती. ती वारंवारता मोजत नव्हती, परिणाम मोजत होती. आई लोक तसंच मोजतात. आपल्या केंद्र सरकारच्या २०२२ च्या रस्ते अपघात अहवालात त्या वर्षी १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे, त्यांत सायकलस्वार ४,८३६. आणि सगळ्या वाहनांचा मिळून विचार केला तर धडकेच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा. या देशात कुणाला "मागची भीती सोड" असं सांगण्याआधी हे वाचायला हवं होतं. मी वाचलं नव्हतं.

अलिबागची वेधशाळा आणि सायकलचा सल्ला

इथे थोडं माझ्या विषयाकडे वळते, लगेच परत येईन. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं, ती इथे का आली हे कमी जणांना. मुळात ही मोजमापं मुंबईत कुलाब्याला व्हायची. मुंबईत विजेवर ट्राम चालवायचं ठरलं तेव्हा कळलं की विजेच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी बिघडणार. म्हणून १९०४ साली उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला आणली. पण मला सगळ्यात आवडतो तो त्यानंतरचा भाग. कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. का? कारण जागा बदलली की आकडा बदलतो. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून फरक काढला, तरच जुनी मालिका नव्या जागी पुढे चालवता येते.

सव्वाशे वर्षांपूर्वी चुंबकसूचीच्या बाबतीत जी काळजी घेतली, ती सायकलच्या सल्ल्याच्या बाबतीत आपण घेत नाही. कॅलिफोर्नियात घेतलेलं माप थेट नागावला लावतो. मीही तेच केलं, आणि वर स्वतःला संशोधक म्हणवते.

टोप आणि कपडे

हाच प्रश्न एका फार गाजलेल्या प्रयोगालाही विचारता येतो. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातल्या इयान वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारा ध्वनीलहरींचा सेन्सर लावला आणि स्वतः सॅलिसबरी आणि ब्रिस्टलच्या रस्त्यांवर फिरले. २००७ साली निष्कर्ष छापले. सुमारे २,३०० वेळा गाड्यांनी त्यांना ओलांडलं. हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. लांब केसांचा टोप घालून मागून बाईसारखं दिसल्यावर गाड्यांनी जास्त जागा सोडली. आणि ते कडेपासून जितके आत चालले, तितकी गाड्यांनी कमी जागा सोडली. शेवटचा निष्कर्ष ‘लेन घ्या’वाल्यांना फारसा सोयीचा नाही, हे लक्षात घ्या.

वर्तमानपत्रांनी यातून "हेल्मेट घातल्याने धोका वाढतो" असा मथळा काढला. तो चूक आहे. जेक ऑलिव्हिए आणि स्कॉट वॉल्टर यांनी २०१३ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि दाखवलं की खरोखर धोकादायक, म्हणजे एक मीटरपेक्षा जवळून जाणं बघितलं, तर हेल्मेटचा संबंध दिसत नाही. वॉकर यांनी पुढे त्याला उत्तरही दिलं, तो वाद अजून चालू आहे. पण डोकं आपटल्यावर हेल्मेट उपयोगी पडतं, याबद्दल चाळीसेक अभ्यास एकत्र करून केलेलं २०१६ चं विश्लेषण पुरेसं स्पष्ट आहे. म्हणून हेल्मेट घाला. भाचीचं डोकं त्या दिवशी गडग्यापासून थोडक्यात वाचलं होतं.

आता टोपाचा भाग. तिथे बाई दिसली की गाडीवाले जागा सोडतात, असं माप सांगतं. इथे मी स्वतः बारा वर्षं या रस्त्यावर सायकल चालवलीय. बाई दिसली की काय होतं हे या रस्त्यावरच्या कुठल्याही मुलीला विचारा. काही जण खरंच सांभाळून जातात. काही जण मुद्दाम शेजारी वेग कमी करून चालतात, काच खाली करून काहीतरी बोलतात. रस्त्याच्या मधोमध ठामपणे चालणारी मुलगी काहींना वाहन दिसत नाही, आगाऊपणा दिसतो. फॉरेस्टर यांच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग आठवा: "इतरांनी तुम्हाला तसं वागवलं, तर." पहिला अर्धा भाग तुमच्या हातात आहे. दुसरा नाही. पुस्तकाची सगळी पानं पहिल्यावर खर्च झालीत.

वॉकर यांचाच २०१४ चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण तो गाजला नाही. या वेळी सात प्रकारचे कपडे घालून पाच हजारांवर ओलांडण्या मोजल्या. चकचकीत जॅकेट, नवशिक्या असल्याची सूचना, शर्यतीचा पोशाख, काही केलं तरी फारसा फरक पडला नाही. फक्त ‘पोलीस’ शब्द आणि चित्रीकरण चालू असल्याची सूचना असलेल्या जॅकेटला गाड्यांनी थोडी जास्त जागा दिली. आणि काहीही घातलं तरी एक-दोन टक्के गाड्या अर्ध्या मीटरच्या आतून गेल्याच. हे एक-दोन टक्के वाईट चालक सायकलस्वाराच्या कुठल्याही शहाणपणाने बदलत नाहीत. दिवसाला शंभर गाड्यांनी ओलांडलं तर त्यांतल्या एक-दोन. रोज.

आत्मविश्वास कुणाचा?

तुम्ही म्हणाल, पण या रस्त्यावर लेन घेऊन जाणारे सायकलस्वार आम्ही बघतो की! बरोबर. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून बोटीत सायकल घालून येणारे गट पहाटे चोंढी, किहीम, अलिबाग करत जातात. दहा-पंधरा जण, लाल दिवे लावलेले, निम्मा रस्ता व्यापून. त्यांना कुणी घासत नाही. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर एकेकाचा धोका साधारण दोन तृतीयांशावर येतो. कारण काय आणि परिणाम काय, यावर वाद आहे. रस्ता सुरक्षित म्हणून लोक येतात की लोक येतात म्हणून रस्ता सुरक्षित होतो, हे त्या आकड्यांतून सुटत नाही. पण गटाला जागा मिळते हे डोळ्यांना दिसतं.

माझी भाची एकटी असते. साध्या सायकलवर, पाठीला दप्तर, बुधवारी संध्याकाळी. सल्ला तोच, रस्ता तोच, आणि पंधरा जणांना जे मिळतं ते एकीला मिळत नाही. ‘आत्मविश्वासाने चालवा’ हे वाक्य म्हणूनच मला आता खटकतं. आत्मविश्वास हा काही फक्त स्वभाव नाही. तो बराचसा मागून कोण येतंय आणि तुम्ही त्याला कोण दिसता यावरून ठरतो.

फॉरेस्टर यांची सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी. सायकलसाठी वेगळी जागा करण्याला त्यांनी जन्मभर विरोध केला. वेगळी जागा म्हणजे सायकलचा रस्त्यावरचा हक्क सोडणं, असं त्यांना वाटे. त्यांनी पुस्तक लिहिलं त्याच दशकात नेदरलँड्समध्ये लोक रस्त्यावर उतरले होते. १९७१ साली त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यांवर गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. लोकांनी मुलांना जास्त धीट व्हायला सांगितलं नाही. सरकारला रस्ते बदलायला लावले. कॅनडातल्या के टेश्के यांच्या गटाने २०१२ मध्ये टोरांटो आणि व्हँकूव्हरच्या ६९० जखमी सायकलस्वारांना विचारून, अपघाताची जागा आणि त्याच प्रवासातली दुसरी एखादी जागा यांची तुलना केली. माणूस तोच, सायकल तीच, धीटपणा तोच, फक्त जागा वेगळी. कडेला गाड्या लावलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत वेगळ्या सायकल मार्गावर धोका साधारण एक नवमांश. या पद्धतीची गंमत हीच की सायकलस्वार हुशार की मूर्ख, हा प्रश्नच मधून निघून जातो.

आपल्याकडे आयआयटी दिल्लीच्या गीतम तिवारी आणि दिवंगत दिनेश मोहन यांनी हेच वर्षानुवर्षं मांडलं. दिल्लीत सायकली तशाही डावी लेन व्यापतात, तर ती जागा त्यांना नीट करून द्या, मोटारींचाही फायदा होईल. अर्थात मार्ग नुसता रंगवून भागत नाही. पुण्यात सायकल मार्गावर दुचाक्या, टपऱ्या आणि पार्किंग बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग पुस्तकातलं काय ठेवायचं?

भाची तीन आठवडे मिनीडोरने गेली. प्लास्टर निघाल्यावर स्वतःच म्हणाली, "मावशी, परत सुरू करूया, पण तुझं पुस्तक मी तपासणार." आम्ही बसून यादी केली. तिची जास्त, माझी कमी.

ठेवलं ते असं. उलट्या दिशेने कधीच नाही. मागे वळून बघितल्याशिवाय जागा बदलायची नाही. कडेला चिकटायचं नाही. वाळू, खडी आणि खड्डे तिथेच असतात, म्हणून हातभर आत आणि सरळ रेषेत. बाजारात लावलेल्या मोटारींपासून दरवाजा उघडला तरी लागणार नाही इतकं लांब. एसटी किंवा ट्रकच्या क्लीनर साइडने कधीही पुढे घुसायचं नाही. बस थांब्याला वळते तेव्हा चालकाला डावीकडचं दिसत नाही. मिनीडोरच्या मागे असताना रस्त्यावर नाही, पुढे कडेला उभ्या माणसाच्या हाताकडे बघायचं. त्याने हात केला की मिनीडोर थांबणार. पावसात ब्रेक आधीपासून हलके दाबत राहायचे, ओल्या रिमवर पहिला क्षण काहीच पकडत नाही. मागे लाल दिवा, ढगाळ दुपारीसुद्धा.

बदललं ते असं. लेन घ्यायची, पण ती हक्क म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून. वळणाच्या आधी मागे बघायचं, हात दाखवायचा, मागच्याचा वेग उतरला तरच मध्ये यायचं. नाही उतरला, तर वळणाआधी मोकळी जागा बघून थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. त्या ७५ सेकंदांतले काही आपणच द्यायचे. हे हरणं आहे का? मला आधी वाटलं, हो. भाची म्हणाली, "हरायचं काय त्यात, मला पाच वाजता घरी पोचायचंय."

आणि टाकलं ते असं: मुख्य रस्त्याचा सगळ्यात अरुंद तुकडा. तिथे ती आता वाडीतल्या आतल्या वाटेने जाते. वाट दहा मिनिटं लांबची आहे आणि पावसात दोन ठिकाणी सायकल हातात धरून चालावं लागतं. फॉरेस्टर यांनी याला माघार म्हटलं असतं.

ही तडजोड आहे, उत्तर नव्हे. आमचा पाववाला पत्र्याची पेटी लावून रोज पहाटे हाच रस्ता चालवतो आणि म्हणतो, "गाड्या यायच्या आधी धंदा संपवायचा." तोही तोडगाच. पण सोळा वर्षांच्या मुलीला कॉलेजात जाण्यासाठी पहाटे साडेपाचला निघ, असं कुणी म्हणू शकत नाही. उत्तर कसं दिसतं ते वरच्या गणितात आहे: गावातून जाणाऱ्या भागात वेग ३० वर आणणारे गतिरोधक, आणि डांबराच्या समपातळीत असलेली, खड्डे नसलेली, मीटर-सव्वा मीटरची साइडपट्टी. तेवढ्याने त्या चार मोकळ्या जागांचं गणित बदलतं. ग्रामसभेत हा हिशोब मांडायला मला बोलावलंय. भाचीही येणार आहे. मापं मी सांगेन, गडगा ती दाखवेल.

तोवर, तुम्ही कुणाला सायकल शिकवत असाल तर फॉरेस्टर जरूर वाचा. फक्त शिकवण्याआधी टेप घेऊन आपला रस्ता मोजा.